गुणाबाईंची मान

…आणि ते डोकं पुन्हा डोललं. पिशवीच्या तोंडातून वर आलेलं, कपाळावर ठसठशीत लाल टिकली असलेलं एवढंसं डोकं. मूल गावाच्या पुढे रस्ता इतका उखडला होता की एस.टी. खड्ड्यात गेली की बाहुली हो म्हणायची आणि वर आली की आणखी एकदा हो, आणि कांताला एकटीलाच हसू आवरत नव्हतं. शेजारच्या बाईनं वाकून पाहिलं.

"लेकरासाठी नेऊन राह्यली का?"

"नाई हो. माझ्या बाईंसाठी. मले शिकवत होत्या त्या."

ती बाई खिडकीबाहेर बघायला लागली. कांताला त्याचंही हसू आलं. आज कशाचंही हसू येत होतं. बाहुली तंजावरची होती, गोदावरीपलीकडच्या एका व्यापाऱ्याकडून सिरोंच्याच्या बाजारात आलेली — घागरा वेगळा, कंबर वेगळी, डोकं वेगळं, सगळं एकावर एक तोललेलं, नुसती फुंकर घातली तरी नाचायला लागणारी. चंद्रपूरच्या तिच्या खोलीत फळीभर अशी मंडळी होती; दाढीवाला म्हातारा, तबलजी, मोटारीच्या काचेजवळ ठेवतात तसला कुत्रा. ती शिकवायची त्या शाळेतलं कुणीही गावाला गेलं की कांताबाईंसाठी एक मान हलवणारं काहीतरी आणायचंच. का जमवतेस, असं कुणी विचारलं तर तिला सांगता येत नसे. सगळ्यांत देखणी ही. चार दिवस ती फळीवर ठेवून पाहिली आणि मग एका सकाळी एकदम वाटलं, ही गुणाबाईंची. उचलताना जरा दुखलं, पण मग त्या दुखण्याचाच आनंद झाला…

कारण आज सांगायचं होतं. भामरागडच्या बाजूला, रानातल्या एका आश्रमशाळेवर तिनं स्वतः मागून बदली घेतली होती. सगळे वेड्यात काढत होते. सोमवारी रुजू व्हायचं, नाहीतर नको म्हणून कळवायचं. पण त्याआधी बाईंनी एकदा, फक्त एकदा मान हलवून हो म्हणावं…

सावली गावच्या शाळेत गुणाबाई कविता ऐकायच्या तेव्हा त्यांची मान खांबासारखी ताठ असायची. पांढरं लुगडं, निळा काठ. वस्तीतली पहिली शिकलेली बाई. मान वाकवायची नाही, हे त्यांनी कधी बोलून शिकवलं नाही, तशा बसून शिकवलं. दुसऱ्या गुरुजींकडे शाबासकी मिळे, बाईंकडे फक्त "बस खाली." चौथीला केंद्राच्या परीक्षेत कांता पहिली आली तेव्हा धानाच्या बांधांवरून धावत, पडत, गुडघा फोडून ती त्यांच्या दारात गेली होती, आणि बाईंनी गुडघ्याला हळद लावली होती. मान मात्र हलली नव्हती.

सावलीला उतरल्यावर ती जवळजवळ धावलीच. गल्लीत धानाच्या नव्या तणसाचा वास होता. बाईंची सून मनकर्णा दारात तांदूळ निवडत होती. "जयभीम ताई. जा नं, अंगणात उन्हाले बसल्या आहेत."

गुणाबाई खुर्चीवर होत्या. कांताकडे पाहत होत्या — आणि मान हलवत होत्या.

मला पाहून! बाई, मला पाहून!… ती अंगण ओलांडून जवळ गेली, वाकली, आणि मान हलतच होती. थांबत नव्हती. हनुवटी थरथरत होती. मग कळलं.

हात आपोआप पिशवीकडे गेला. टिकलीवाल्या डोक्यावर तिनं पदर ओढला.

"काय लपवून राह्यली वं?"

"काई नाई बाई."

"चौथीतही तुले लपवता येत नव्हतं. काढ."

काढावीच लागली. स्टुलावर ठेवताच ती अंगात आल्यासारखी नाचायला लागली. मनकर्णा चहा घेऊन आली आणि कप हातात धरून तशीच थिजली. समोरासमोर दोन माना. जमीन दुभंगावी, असं कांताला वाटलं.

बाईंनी बाहुलीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "माह्यापेक्षा बरी आहे ही," त्या म्हणाल्या. "हिची कंबर बी हालते."

आणि हसल्या. गुणाबाई हसल्या! मनकर्णाचा चहा बशीत सांडला.

"मी झोपली की थांबते म्हणते सून. मले तं कळतच नाई. समोरच्याच्या तोंडावरून समजते. तू तोंड पाडू नको. सांग, कायले आली?"

मग तिनं सगळं सांगितलं, श्वास न घेता — शाळा, पावसाळ्यात तुटणारा रस्ता, माडिया बोलणारी मुलं — आणि सांगताना डोळे त्या मानेवरून हलेनात. हो? की नाही? मान वर-खाली होत होती, मध्येच आडवी जात होती, सगळ्याला सारखीच.

"त्याइची बोली येते तुले?"

"शिकीन."

"लेकरं पळून जातीन घरी."

"मी जाईन मागं. त्यांच्या घरी."

बाईंनी तिला बोटानं खुणावलं. मग म्हणाल्या, "जवळ ये. धर माही मान. दोन्ही हातांनी. तुले नीट पाहू दे, पोरी. हालत्या डोयांनं कोणीच धड दिसत नाई आता."

कांतानं आयुष्यात त्यांना कधी हात लावला नव्हता. तिनं तळव्यांत त्यांचे गाल धरले — मऊ, सुरकुतलेले, उन्हानं ऊबदार — आणि आत कुठेतरी अडकलेल्या पाखरासारखी थरथर तिच्या मनगटांतून वर चढली. मान थांबली. बाईंचे डोळे तिच्यावर स्थिर झाले. किती वेळ, कुणास ठाऊक.

"सोड आता. चहा थंडा झाला."

स्टँडवर परतीच्या गाडीची वाट पाहताना ध्यानात आलं, बाईंचं हो की नाही, ते विचारायचं राहूनच गेलं. परत जावं का?… पाय हलले नाहीत. समोरून गडचिरोलीकडे, भामरागडच्या वाटेनं जाणारी गाडी धुरळा उडवत आली, माणसं दारावर तुटून पडली, आणि कांता उगाचच उठून उभी राहिली. कुणी होकार दिला नव्हता. तळव्यांत अजून ती थरथर होती, बाईंची की आपली ते ओळखू येत नव्हतं. ती हात मिटून उभी होती, आणि तिला पळावंसं वाटत होतं — बांधांवरून, कुणाच्याही दाराकडे नाही, नुसतंच पुढे.