सुलेखाची डी ड्राइव्ह

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. माझ्या अंगाला चार भोकं आहेत. ती पडलेली नाहीत, पाडलेली आहेत. ऑकलंडच्या फ्लॅट बुश या उपनगरातल्या एका गॅरेजात, रंगाच्या डब्यांशेजारी मी पडून असते. इथे माझं गाऱ्हाणं ऐकायला कोणी नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

माझं काम साधं होतं. चकत्या गरगर फिरवायच्या आणि सांगतील ते लक्षात ठेवायचं. पुण्यात मी सुलेखाच्या लॅपटॉपमध्ये बसले, तेव्हा तिच्या कॉम्प्युटर क्लासच्या मधू सरांनी माझे दोन भाग करून दिले, सी आणि डी. "सीचा काही भरवसा नाही. फॉरमॅट मारला की गेलं. जपायचं ते डीमध्ये ठेवायचं," असं त्यांनी बजावलं. सुलेखाने मनाशी खूणगाठ बांधली. पुढे तिचं लग्न झालं, ती न्यूझीलंडला येऊन फार्मासिस्ट झाली, पण ती सवय सुटली नाही.

कोविडमध्ये देशाच्या सीमा बंद झाल्या तेव्हा तिचे बाबा पुण्यात एकटे होते. दर रविवारी त्यांचा कॉल यायचा. सुलेखा तो लॅपटॉपवर रेकॉर्ड करून डीमध्ये ठेवायची. सुरुवात ठरलेली असे, "सुले, चहा झाला का?" मग शेजाऱ्यांची भांडणं, गुडघ्याची कुरकुर, ऋग्वेदाला, म्हणजे नातीला, एखादी गोष्ट. असे एकतीस रविवार माझ्यात साठले. बत्तिसाव्या रविवारी फोन आला तो शेजाऱ्यांचा. सुलेखाला जाता आलं नाही. तेव्हापासून बाबांच्या वाढदिवसाला ती चहा करायची आणि एक रविवार ऐकायची. त्या दिवशी मी अगदी जीव ओतून फिरायचे.

पण मी म्हातारी झाले होते. लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटं लागायची. सुलेखाचा नवरा शिरीष मला 'कासव' म्हणायचा. हा गृहस्थ एका कंपनीत डेटा सांभाळतो. ऑफिसात तीन जणांच्या सह्या असल्याशिवाय एक फाइल पुसत नाही. घरात मात्र बायकोला एक प्रश्न विचारणं त्याला जमलं नाही.

एका शनिवारी सुलेखा कामावर गेली होती. तिला चकित करायचं म्हणून शिरीषने एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, आणली, दोन व्हिडिओ पाहिले, स्क्रू काढले. सी सगळी उतरवून घेतली. डीशी येऊन थांबला. "यात मी टाकलेले कॉलेजचे जुने पिक्चर्स असणार," असं स्वतःशीच म्हणाला आणि पुढे गेला. उघडूनसुद्धा बघितलं नाही! मग ऑफिसची शिस्त आठवली. जुनी डिस्क धड टाकायची नाही, कोणी माहिती चोरेल. त्याने मला गॅरेजात नेलं आणि ड्रिल लावलं.

दुसऱ्या दिवशी बाबांचा वाढदिवस होता. सुलेखाने चहा करून लॅपटॉप उघडला.

"बघ, आठ सेकंदांत सुरू! स्वीट ॲज!" शिरीष इथल्या लोकांच्या थाटात, खुशीत म्हणाला.

"शिरीष, डी कुठंय?"

"अगं, आता एकच ड्राइव्ह. तुझे डॉक्युमेंट्स, फोटो, सगळं घेतलंय. डीमध्ये माझे पिक्चर्सच होते ना?"

"बाबा होते डीमध्ये."

तो धावत गॅरेजात आला आणि मला आत घेऊन गेला. टेबलावर ठेवलं. "रिकव्हरीवाल्याला विचारतो," तो पुटपुटला, पण माझी भोकं बघून काढलेला फोन परत खिशात घातला. भोकं पाडलेल्या डिस्कमधून काही परत येत नाही, हे त्याला ठाऊक होतं; त्याचं शिक्षणच त्यातलं होतं. ऋग्वेदा एवढंच म्हणाली, "डॅड, यू डिडन्ट ईव्हन आस्क?"

मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.

मित्रांनो, जुनं काढून नवं बसवायला माझी हरकत नाही. कासवाने कधीतरी जायचंच असतं. पण पहिला स्क्रू सैल करण्याआधी घरातल्या माणसांना विचारा, "यात तुझं काही आहे का?" आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा.

सुलेखा आता रविवारी चहाचा कप घेऊन गॅरेजात येते. मला हातात घेते, कानाशी लावते. "चहा झाला का" हे शब्द माझ्या फुटक्या चकत्यांवर अजून कुठेतरी आहेत. मला ते म्हणता येत नाहीत. ती थोडा वेळ वाट बघते, मग गार झालेला चहा सिंकमध्ये ओतायला आत निघून जाते.