बीबी मरियमच्या कबरीवर चादर

कोकणातल्या आमच्या बायकांना कुठं मोडका घुमट दिसला, की हात आपसूक डोक्यावरच्या ओढणीकडे जातो. ओमानमध्ये चौदा वर्षं काढूनही सफूराची ही खोड गेली नव्हती. सूर शहराजवळ कल्हातच्या उजाड किनाऱ्यावर कुण्या बीबी मरियमची सातशे वर्षांची कबर आहे, असं कळल्यावर तिनं नवऱ्याच्या, यूनुसच्या मागे टुमणंच लावलं. शेवटी एका शुक्रवारी, लेक सिदराला शेजारच्या शहनाजकडे ठेवून, दोघं मस्कतमधल्या रुवीहून निघाली.

सफूराच्या मांडीवर हिरवी चादर होती आणि मनात एकच मागणं. आपल्याला रत्नागिरीला धाडायचं खूळ नवऱ्याच्या डोक्यातून निघू दे! पुढच्या महिन्याची तिची आणि सिदराची तिकिटं यूनुसनं काढूनही टाकली होती. पोरीच्या शाळेत दाखला मागून झाला होता. फक्त बायकोला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

कल्हातला पोचून बघतात, तर सगळं शहर दगडांचा ढीग. एवढी एकच इमारत उभी, तिचाही घुमट ढासळलेला. ना मुजावर, ना फुलवाला, ना लोबानचा वास. आत शेळ्यांच्या लेंड्या! "तौबा, तौबा," म्हणत सफूरानं कोपरा झाडला आणि चादर उलगडली.

"ला, ला!" शेळ्यांमागून आलेला एक म्हातारा दारातून नको-नको असा हात हलवत अरबीत ओरडला. मग तिचा चेहरा बघून मोडक्या हिंदीत नरमाईनं म्हणाला, "बहन, यहाँ कोई नहीं देता. अल्लाह से माँगो. खलास." आणि शेळ्या हाकत निघून गेला.

यूनुसला हसू आवरेना. "घे! हा काय आपल्या गावचा दर्गा आहे? एवढं मागायचं तरी काय होतं तुला?"

"तुमची अक्कल ठिकाणावर यावी म्हणून आले होते!" सफूरा फणकारली आणि तिला रडूच कोसळलं. "मला नाही जायचं रत्नागिरीला."

"अगो, पण तूच म्हणायचीस ना, इथं जीव रमत नाही, आईकडे पाठवा?"

"ते लग्न होऊन आले तेव्हा! आता आई तरी कुठं आहे? माझं जे काय आहे ते इथंच आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलंत कधी?"

यूनुस उंबऱ्याच्या दगडावर मटकन बसला. "गेलं वर्षभर एकटं राहायची तयारी करतोय मी. झोप लागत नाही रात्रीची," तो खाली मान घालून म्हणाला. मग त्यानं वर बघितलं. "राहशील इथं, माझ्याजवळ?"

सफूराचं रडणं थांबलं. लग्नापासून आजवर त्यानं तिला असं कधी विचारलंच नव्हतं.