सातव्या कवटीचा जबडा

कवटी जोडायची तर आधी सगळे तुकडे कोरडे जुळवायचे, नुसत्या चिकटपट्टीवर, आणि शेवटचा तुकडा नीट बसला की मगच डिंक लावायचा; एक सांधा जरा तिरका बसला तरी अख्ख्या कवटीचा आकार बदलतो. सव्वीस वर्षं मी हे नव्या लोकांच्या कानीकपाळी ओरडत आलेय. संग्रहालयात मला डिंकमावशी म्हणतात ते उगाच नाही. आणि एकदाच मी स्वतः हा नियम धाब्यावर बसवला.

संग्रहालयाच्या साहेबांना घाई होती. डोंगरातल्या गुहेत सात कवट्या सापडल्या होत्या, या भूमीवर आलेल्या पहिल्यावहिल्या माणसांच्या. सातही फोडलेल्या. सहा मी जोडल्या, सहाही लांबट निघाल्या. सातवीचे एक्केचाळीस तुकडे होते आणि शेजारी दगडी कुऱ्हाड पडली होती. गुरुवारी पत्रकार येणार, म्हणून मी एकेक तुकडा थेट चिकटवत गेले. कानाजवळचा शेवटचा तुकडा काही केल्या बसेना. मी कानस घेतली आणि त्याची कड घासली. हजारो वर्षांचं हाड, आणि मी ते फुगलेल्या दारासारखं घासलं. कोणाला बोलले नाही.

साहेबांनी मोजली तर सातवी गोल भरली. त्यांचा आनंद गगनात मावेना. लांब डोक्यांचे लोक आधी समुद्राकाठानं आले, गोल डोक्यांचे मागून डोंगर ओलांडून आले आणि त्यांनी आधीच्यांची कत्तल केली, असं ते पत्रकारांना सांगून मोकळे झाले.

आमच्या पुलापलीकडे खालची वस्ती आहे. तिथल्यांचे आजे डोंगरापलीकडून आलेले, म्हणून आम्ही वरचे त्यांना अजून 'नवे' म्हणतो. दुसऱ्या दिवसापासून लोक त्यांना 'गोलडोके' म्हणायला लागले आणि तिसऱ्या दिवशी त्यांची दुकानं जळली.

माझा जावई खालच्या वस्तीतला. फरशी बसवायचं काम करायचा. "सासूबाई, माझं डोकं आत्ताच मोजून घ्या, मागून तक्रार चालणार नाही," असं म्हणून तो खो खो हसला होता. मला हसू आलं नाही. मला रात्रंदिवस ती कानस दिसत होती.

माझा पुतण्या, म्हणजे थोरल्या दिरांचा मुलगा, सुतार आहे. कवट्या ठेवायची खोकी तोच बनवतो, त्यामुळे मापं त्याच्याकडे होतीच. ती त्यानं कातडी-केसांपुरती वाढवली आणि एका फळीत लांबट भोक पाडलं. पुलावर येणाऱ्याच्या डोक्यावरून ती फळी घालायची. खाली उतरली तर माणूस आपला, अडकली तर ठोकायचा. आठवड्यात त्यानं आणि त्याच्या टोळक्यानं दूधवाल्याचे पुढचे सगळे दात पाडले आणि एका म्हाताऱ्याला कठड्यावरून खाली खडकावर फेकला. ह्याच पुतण्याला मी लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलाय. माझे हात जळोत.

पुढच्या शुक्रवारी दुपारी गुहेची माती चाळताना सातवीचा खालचा जबडा मिळाला. मी तो लावायला गेले तर एका बाजूला बसायचा आणि दुसऱ्या बाजूला बोटभर लांब राहायचा. मी कवटी द्रावणात बुडवली, सगळा डिंक सोडवला आणि तुकडे पुन्हा जुळवले, या वेळी कोरडे. सातवी लांबट होती. मागच्या सांध्यात तिला चिमुकलं जादा हाडही होतं. तसंच हाड आधीच्या सहांपैकी चौघांना आहे. असलं हाड रक्ताच्या नात्यात उतरतं. कोणी मागून आलं नव्हतं, कोणी परकं नव्हतं. सगळे भाऊबंद होते आणि ती भाऊबंदकी होती.

मी साहेबांना फोन लावला. कानशीसकट सगळं सांगितलं.

"सोमवारी बघू," ते म्हणाले. "समितीपुढे ठेवावं लागेल."

"सोमवारपर्यंत माणसं मरतील."

"मावशी, शास्त्र असं घाईनं होत नाही."

मी फोन आपटला. तेवढ्यात जावयाचा निरोप दिसला: बस बंद आहेत, आई, तुम्हाला न्यायला निघालोय. मी त्याला फोन करत राहिले, तो उचलेना. मग चिकटपट्टीनं बांधलेली कवटी पदराखाली धरून मी पुलाकडे धावत सुटले.

मी पोचले तेव्हा त्यांनी त्याला गुडघ्यावर बसवलं होतं. ओठ फाटला होता, शर्ट लाल झाला होता. पुतण्याच्या एका हातात फळी होती आणि दुसऱ्यात लोखंडी गज.

"अरे थांब," मी ओरडले. "ही बघ सातवी. हीसुद्धा लांबच आहे. मी चुकीची जोडली होती. गोलडोके कोणी नव्हतेच."

"काकू, बाजूला व्हा," तो म्हणाला. कोणीतरी मला ढकललं. कवटी रस्त्यावर पडली आणि तिचे तुकडे पायांखाली गेले.

त्यानं फळी जावयाच्या डोक्यावर ठेवली. ती सरळ मानेपर्यंत उतरली.

जावयानं माझ्याकडे पाहिलं आणि तसल्या तोंडानंही थोडं हसला. मला वाटलं, सुटला.

"साचा चुकलाय," पुतण्या म्हणाला. त्यानं फळी काढून बाजूला फेकली आणि गज दोन्ही हातांनी घेतला. पहिला घाव कानाजवळ बसला. तो आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता, पण सात वेळा हातात धरला होता. दुसऱ्या घावाला तो आडवा झाला. त्यानंतर बाकीच्यांनी लाथा घातल्या. मी त्याच्या डोक्यावर आडवी पडले तेव्हा माझी दोन बोटं मोडली, ते मला संध्याकाळी कळलं.

इस्पितळात माझी मुलगी बाकावर बसली होती. माझा बांधलेला हात तिनं मांडीवर घेतला होता. सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, आम्ही तुकडे बसवायचा खूप प्रयत्न केला. पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही.

ती बराच वेळ रडली. मग तिनं विचारलं, "कोणी मारलं?"

"तुझ्या चुलतभावानं." आणि मग मी तिला ते गुरुवारचं सगळं सांगितलं, शेवटचा तुकडा बसत नव्हता तो, आणि कानस.

"किती घासलंस?"

"केसभर," मी म्हणाले.

तिनं माझा हात मांडीवरून उचलून बाकावर ठेवला आणि ती उठून आत नवऱ्याकडे गेली.