अर्ध्या चित्रापायी घासलेली चकती

मी चकती बोलतेय. ऐकून घेणार असाल तरच बोलेन, कारण आजवर माझं कुणी ऐकलेलं नाही.

तैवानमधल्या सिंचूच्या एका भट्टीत आम्ही चौघी बहिणी भाजून निघालो. खास मातीच्या, पांढऱ्या, पेल्याच्या बुडाएवढ्या. अँटेना म्हटलं की तुम्हाला तार आठवते. पण आमच्यात तार नसते. खालून लहर सोडली की ती आमच्या पोटात घुमते आणि बाहेर पडते. कोणत्या सुरात घुमायचं ते आमच्या आकारावर ठरतं. चौघींचा सूर एकच होता. विद्यापीठाच्या गच्चीवर एका ओळीत बसून आम्हाला एका सुरात बोलायचं होतं.

आम्ही रुओ-छीच्या हाती आलो. तिची पदवी आमच्यावर अडकली होती. तिचे मार्गदर्शक फान सर, त्यांचा हुकूम असा, की आधी संगणकातल्या चित्राशी चकती जुळवा, मगच ओळीत बसवा.

रुओ-छीनं माझं चित्र काढलं, पण अर्धंच. मी गोल, दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे अर्धी काढली की हिशेब लवकर उरकतो. कापलेल्या बाजूला एक कल्पनेतली भिंत लावली की उरलेली अर्धी संगणक धरून चालतो. त्या भिंती दोन जातींच्या असतात. तिनं नको ती लावली. त्या भिंतीनं माझा सूर गिळला आणि संगणकाला भलताच, वरचा सूर सापडला.

मग मला मोजलं. मी माझा सूर लावला, तो चित्रातल्या सुराशी जुळेना.

"ही चकतीच गंडलीय," रुओ-छी वैतागली.

तिच्या पुढच्या वर्षातला वेन-लिन शेजारीच बसला होता. "संगणक चुकला असेल."

"दादा, त्याच्यावर हिरवं पाकीट ठेवलंय. तो कसा चुकेल?"

आमच्याकडे यंत्रावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतात, म्हणजे ते शहाण्यासारखं वागतं. त्याला खाऊ मिळाला. मला मात्र चाकावर धरलं. घासलं की सूर चढतो. घासायची, मोजायची, पुन्हा घासायची. मी जीव तोडून सांगत होते, पण माझं बोलणं म्हणजे पडद्यावरची एक रेघ, आणि तीच त्यांना चुकीची वाटत होती. शेवटी माझी रेघ चित्राच्या रेघेशी जुळली. सर "छान" म्हणाले. माझा संताप संताप झाला.

मग लहर कुठे जाते ते बघितलं. चित्रात ती कडांनी पसरत होती. मी सरळ वर फेकत होते, पहिल्यापासून फेकत होते तशीच.

"घासायच्या आधीच्या मापाची अख्खी काढून बघ ना एकदा," वेन-लिन म्हणाला. "त्याचे काय पैसे पडतात का?"

तिनं काढली. पडद्यावर माझा जुना सूर उमटला.

"आई गं! दादा, ही बरोबर होती."

"आणि बाकीच्या तिघी?"

"त्याही बरोबर. वाचल्या! हिच्या जागी एक नवी मागवू."

नवी आली. तिघींच्या सुरात सूर मिळवून ती आता गच्चीवर, सिंचूच्या वाऱ्यात, माझ्या जागी बसली आहे. रुओ-छीला पदवी मिळाली. मी खाली टेबलावर कागद दाबून असते. खिडकी उघडी असली की बहिणींची लहर माझ्यापर्यंत येते, पण माझ्यात ती घुमत नाही.

पोरांनो, पुन्हा कधी चित्र आणि चकती जुळली नाही, तर आधी चित्र पुसा. ते पुन्हा काढता येतं. मी पुन्हा वाढत नाही.