कव्हरवर कौशल्या, फितीत ललिताबाई

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. माझे नाव काय, हे मात्र मला विचारू नका. तो गोंधळ मला जन्मभर पुरला आहे.

माझा जन्म तुमसरला, भैय्यालालच्या दुकानात झाला. त्या काळी गावोगावी टेपरेकॉर्डर वाजत. भैय्यालालने ‘झाडी झंकार’ नावाची छोटी कंपनी काढली होती. दंडार, खडी गंमत ही इकडची लोकनाट्ये, भजने, जे आपल्या माणसांच्या काळजातून येते ते सारे तो फितीत भरी. एका रोवणीच्या हंगामात तो वैनगंगेकाठच्या एका गावी गेला. भातशेताच्या बांधीत बाया पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, रोवत गात होत्या. त्याने शेताच्या धुऱ्यावर यंत्र ठेवले आणि कामात बुडालेल्या बायांच्या नकळत ते गाणे उचलले :

‘पऱ्हा गेला बांधीत, माय राहिली घरी...’

त्या गाण्याच्या अनेक प्रती निघाल्या. त्यातली एक मी. मग माझ्यावर कव्हर चढले. त्यावर फुलांची वेणी घातलेली कौशल्या होती. ती नाटकांत गाणारी, पंचक्रोशीत गाजलेली बाई. रोवणाऱ्या बाईला कोण ओळखते, नाव कौशल्याचे चालते, असे भैय्यालालने छापणाऱ्याला सांगितले. मी ते ऐकले, पण मला उमगले नाही. माझ्यात गाणारी बाई मग कोण?

अड्याळच्या बाजारात मी दिवसभर वाजत असे. लोक थांबत, कौशल्याची वाहवा करत. एकदा डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई दुकानासमोर खिळून उभी राहिली. ती ललिताबाई. गाणे कुणाचे, असे तिने विचारले. दुकानदाराने कव्हर दाखवले. तिने ते बराच वेळ निरखले आणि हळूच म्हणाली, “मले वाटला, मीच गाऊन राहिली.”

तिने मला विकत घेतले. घरी पुन्हा पुन्हा ऐकले. आवाज आपला वाटे, पण छापलेले खोटे कसे असेल? तिचे पती यादोराव म्हणत, तूच आहेस. ती म्हणे, काय माहीत. ती बाई घोटाळ्यात आणि तिच्याबरोबर मीही.

पुढे गोसीखुर्द धरणाचे पाणी चढले. गाव उठले. रोवणाऱ्या बाया पुनर्वसनाच्या वेगवेगळ्या वस्त्यांत पांगल्या. भैय्यालालचे दुकानही मोबाईलची कव्हरे विकू लागले. यादोराव वारले. टेपरेकॉर्डर बिघडला आणि मी धान्याच्या कोठीमागे पडून राहिले. माझ्या फितीला बुरशी चढली. कुणाला माझी आठवण आहे की नाही, हेही कळेना.

यंदा ललिताबाईंच्या नातीने, दामिनीने, मला बाहेर काढले. बुरशी पुसली, पेन्सिल घालून सैल फीत गुंडाळली, कुठूनसा टेपरेकॉर्डर मिळवला. मोबाईलमध्ये गाणे उतरवून ते सगळ्यांना ऐकवायचे, असे तिने ठरवले होते. ‘नाव काय टाकू?’ तिने विचारले. आजी म्हणाली, कौशल्याचे टाक, तसेच छापले आहे.

गाणे सुरू झाले. मध्येच एक बाई खळखळून हसली. इतकी वर्षे आपलाच आवाज शोधताना आजीने त्या हसण्याकडे लक्ष दिले नव्हते. आजी ताठ बसली.

“हे तं रुखमिणी. तिचा पाय चिखलात रुतला होता. मी हात देल्ली अन् गानं सोडलं नाही.” मग म्हणाली, “म्हंजे मीच व्हय, बाई.”

दामिनीने रुखमिणीचा नंबर शोधून फोन लावला आणि मला पुन्हा वाजवले. पलीकडून एक थकलेला आवाज झील धरू लागला. इकडे आजीही गाऊ लागली. फोनमध्ये रुखमिणी, माझ्यात तरुण ललिता, समोर म्हातारी ललिताबाई. आता यातली मी कोणती, मला सांगता येईना.

दामिनीने सगळ्या रोवणाऱ्या बायांची नावे आजीला विचारून लिहिली. जुने कव्हर ती फाडायला निघाली, तेव्हा आजीने तिचा हात धरला. “राहू दे. तिच्याच नावानं आम्ही बाजारात गेलो.”

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी पडून असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा वाजवून पाहा. कव्हर वाचून थांबू नका. आणि ऐकताना आजीला जवळ बसवा. कोण गाते आहे, हे आम्हाला स्वतःला सांगता येत नाही.