बंद ठेवलेल्या माइकने काय ऐकलं

मी एक माइक. दुसऱ्याचं बोलणं पुढे पोचवायचं, एवढंच माझं काम. स्वतः तोंड उघडायची मला सवय नाही. पण परवा जे झालं, त्यानंतर गप्प राहवत नाही.

तिला काय वाटलं होतं आणि काय दिसलं, तिथूनच सांगतो. ती म्हणजे आमच्या गायकाची पुतणी. परदेशात चार वर्षं ध्वनिमुद्रण शिकून आली. तिला वाटलं होतं, काका मला ओठांशी धरेल आणि पूर्वीसारखा बेंबीच्या देठापासून ओरडेल. त्याचं नवं गाणं आपण रेकॉर्ड करायचं, ‘हा बँड आता संपला’ म्हणणाऱ्यांना गप्प करायचं, यासाठी तिने तिकडची नोकरी नाकारली होती.

आणि दिसलं काय? परवा संध्याकाळी कार्यक्रम सुरू असताना ती हौसेने साउंडवाल्याशेजारी जाऊन बसली. त्याच्या मिक्सरवर सरकवायची दोन बटणं शेजारी शेजारी होती. एकाखाली चिकटपट्टी, त्यावर पेनाने लिहिलेलं : ‘काका’. ते बटण पार तळाला. दुसऱ्याखाली लिहिलेलं : ‘जुना काका’. ते वर.

सभागृहात जो आवाज घुमत होता, तो पस्तीस वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलेला होता. स्टेजवरचा काका नुसते ओठ हलवत होता.

ती जागच्या जागी थिजली. मला तिचा तो चेहरा स्टेजवरून दिसला नाही, पण पुढे तिनेच काकाला सगळं सांगितलं, तेव्हा मी टेबलावरच होतो.

तिला एवढा धक्का का बसावा, ते कळायला माझी जुनी गोष्ट ऐकायला हवी. मी या बँडकडे आलो तेव्हा चौघं पोरं एका गॅरेजमध्ये, टायरांच्या वासात सराव करायची. गिटार करवतीसारखी, ड्रम अंगावर येणारे, आणि वरून काकाचं भराभर, तालात बोलणं. चौघांत माइक एकच, मी. त्यावरून रोज भांडणं. शेवटी नियम ठरला : ज्याच्या हातात माइक, तोच बोलणार, आणि माइकमध्ये खोटं बोलायचं नाही. जो खोटं बोलेल, त्याने सगळे स्पीकर एकट्याने उचलायचे. माझ्या जाळीवरचा हा पोचा त्याच दिवसांतला. पुतणी लहान असताना काकाच्या मांडीवर बसून त्या पोच्यात बोट घालायची आणि म्हणायची, “खोटं नाही हं बोलायचं!”

पुढे टाळ्या आल्या, पोस्टरं आली. पण गेली बारा वर्षं नवं गाणं आलं नाही. आणि नऊ वर्षांपूर्वी मी बंद झालो.

खरं तर बंद नव्हतो. माझं ऐकायला कोणी नव्हतं.

कारण काका माझ्यात बोलायचा. आवाज बाहेर जात नाही हे माहीत असल्यामुळे मनाला येईल ते बोलायचा. “गुडघा गेला रे बाबा.” “हा पहिल्या रांगेतला जांभया देतोय.” आणि कधी कधी, त्याच तालात, भलतंच काहीतरी. नऊ वर्षं ते माझ्यात जिरत होतं.

परवा पुतणीने हेडफोन कानाला लावला आणि माझं बटण तळाला असतानाच मला ऐकायची कळ दाबली. बाहेर जुना काका क्रांतीची हाक देत होता. तिच्या कानात खरा काका धापा टाकत पुटपुटत होता :

“गुडघा म्हणतो बैस, गर्दी म्हणते नाच,
साठीतल्या अंगाला पंचविशीचा जाच!”

कार्यक्रम संपल्यावर ती मेकअपच्या खोलीत शिरली. काका टॉवेलने मान पुसत होता. ड्रमवाला, ज्याला सगळे धडक्या म्हणतात, केळं सोलत होता.

“माइकमध्ये खोटं बोलायचं नाही, हे मला कोणी शिकवलं?” तिने विचारलं.

काकाने टॉवेल खांद्यावर टाकला. “मी कुठे खोटं बोललो? माइक बंद असतो.”

धडक्या फिसकन हसला. तिचे डोळे पाहून पुन्हा केळ्याकडे वळला.

“मी ऐकलंय सगळं,” ती म्हणाली, आणि त्या दोन ओळी म्हणून दाखवल्या.

आता थिजायची पाळी काकाची होती. चोरी पकडली गेली तेव्हा त्याचा चेहरा उतरला नव्हता. तो आता उतरला.

“हे कधी लिहिलंस रे?” धडक्याच्या हातातलं केळं तसंच राहिलं.

“लिहितोय कसलं! तिसऱ्या गाण्याला कंटाळा येतो, तेव्हा सुचतं काहीबाही.”

“काका, हेच नवं गाणं आहे.”

“अगं, नवं सुरू केलं की अर्धं सभागृह चहाला उठतं. आणि दम कुठून आणू? चार ओळींत धाप लागते.”

“मग चार ओळींनी थांब की,” धडक्या म्हणाला. “मी ड्रम थांबवतो. तुझ्यासाठी कधी थांबलो नाही का?”

“आणि लोक हसले तर?”

तिने पर्स खांद्याला अडकवली. “मी परत जाते,” एवढंच म्हणाली आणि दार ओढून निघून गेली. काकाने मला उचललं, पोच्यावर अंगठा फिरवला आणि पेटीत ठेवलं.

आज सकाळी पेटी उघडली ती तिने. सभागृह रिकामं होतं, कोणीतरी खुर्च्या झाडत होतं. तिने मला वायर जोडली. मिक्सरपाशी जाऊन ‘जुना काका’ची चिकटपट्टी नखाने खरवडून काढली, त्याची वायर उपटून पर्समध्ये टाकली, आणि साउंडवाल्याला म्हणाली, “दादा, आजपासून इथे मी बसणार.”

मग फोन लावला. “काका, मी जात नाहीये. त्या दोन ओळी डोक्यातून जातच नाहीत. संध्याकाळी तूच बोलायचंस, दुसरं कोणी नाही. नको असेल तर आत्ता सांग, वायर परत लावते.”

पलीकडे काकाने एक श्वास घेतला. मग, “माइकला पोचा आलाय. नीट चालतो का, बघून घे.”

ती उठून स्टेजवर आली, माझ्यावर टिचकी मारली. सगळं सभागृह दणाणलं. खुर्च्या झाडणारा दचकून वर बघायला लागला.

तुम्ही कधी आमच्या कार्यक्रमाला आलात, तर एक विनंती. चार ओळींनंतर सगळं शांत झालं, तर चहाला उठू नका. माणूस श्वास घेतोय. तो श्वास मी तुमच्यापर्यंत पोचवतोय.