थोरलीला हलवल्याची नोंद

"साहेब, डोळे दिसायला लागलेत," मावशींनी तिसऱ्यांदा सांगितलं.

"कुणाचे?"

"पोटातल्या पिल्लांचे."

साहेब काचेवर वाकले. बोटाच्या दोन पेरांएवढा मळक्या रंगाचा मासा मुळांच्या जुडीआड उभा होता. पोट फुगून खालून चौकोनी झालेलं, मागच्या बाजूला काळा डाग आणि त्या डागाच्या पातळ कातडीतून दिसणारे मोहरीपेक्षा बारीक ठिपके. साहेबांना ठिपके काही दिसले नाहीत. त्यांचा चष्मा जुना झाला होता आणि उद्या मासेघराची पाहणी करायला समिती यायची होती.

"आज संध्याकाळपर्यंत हिला पुढच्या दालनात न्या," ते म्हणाले.

मावशी बावीस वर्षांपूर्वी या मासेघरात टाक्या घासायला म्हणून लागल्या होत्या. तेव्हाच्या मोठ्या बाईंनी खाडीच्या तोंडाशी, खारफुटीच्या मुळांमधून या जातीचे चाळीस मासे एका बादलीतून आणले होते. बाकीचे मासे अंडी घालतात, ही जात पोटात पिल्लं वाढवते आणि जिवंत पिल्लं देते, हे बाईंनी सांगितल्यावर मावशींना आधी खोटंच वाटलं होतं. पुढे खाडी भरावाखाली गेली. आज तिथे ट्रक उभे राहतात. जगात ही जात कुठे उरली असेल, तर ती या गळक्या छपराखाली. त्यातही यंदा रोग शिरला आणि टाक्यांमागून टाक्या गेल्या. शेवटचा नर सहा आठवड्यांपूर्वी मेला. उरली ती ही एकटी, मावशींची थोरली.

तरी आशा होती. या जातीच्या मादीला नराचं बीज महिनोन् महिने पोटात जपून ठेवता येतं. नर गेल्यावरही तिच्या पोटात पिल्लं धरली होती. त्यांत एखादा जरी नर निघाला, तरी वंश पुढे चालणार होता. मावशी रोज त्या चौकोनी पोटाकडे बघायच्या.

बाईंचा एकच नियम होता. पिल्लांचे डोळे दिसले की आपले हात बांधून ठेवायचे. टाकी हलवायची नाही, मासा तर नाहीच. हलवलेली मादी घाबरते आणि कच्ची पिल्लं टाकते. नव्या आलेल्या प्रत्येकाला मावशींनी हे घोकून घ्यायला लावलं होतं. एकानं विसरून अशी मादी हलवली, तर त्याच्याशी त्या महिनाभर बोलल्या नव्हत्या. "मी कुणाला पाण्यात बघत नाही, माशांशिवाय. पण तुला बघेन," असं त्याला बजावलं होतं.

"तीन दिवस द्या," त्या आता म्हणाल्या. "पिल्लं होऊ देत. मग कुठंही न्या."

"समिती माझ्या सोयीनं येते का, मावशी?" साहेब स्टुलावर टेकले. "तेरा पत्रं लिहिली, तेव्हा कुठे येतायत. या खोलीत अंधार, वरून पाणी, वास. ती माणसं दारातूनच परत फिरतील. मासा दिसला तर मासेघर राहील. नाही दिसला तर महिनाअखेर कुलूप. मग पिल्लं झाली तरी ठेवणार कुठे? तुमच्या घरी, बादलीत?"

साहेब वाईट नव्हते. तेच तर अवघड होतं. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. मावशी बाहेर पायरीवर गेल्या आणि त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या गावात बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स होती.

"काय गं, दिवस भरत आलेल्या बाईला तुम्ही दुसरीकडे हलवता का?"

"हलवायलाच लागलं तर हलवतो की. जपून न्यायचं. कोण आहे?"

"थोरली."

"आई, तो मासा आहे."

"माहीत आहे मला."

"जेवलीस का तू?"

मावशी जेवल्या नव्हत्या. पण 'जपून न्यायचं' एवढे दोन शब्द त्यांनी पदरात पाडून घेतले. बुडत्याला काडीचा आधार.

दुपारभर त्यांनी दालनातल्या टाकीचं पाणी जमवलं. मीठ मोजलं, चाखलं, परत मोजलं. जाळी वापरली नाही. वाडगा पाण्याखाली धरून ठेवला आणि थोरली आपण होऊन आत येईपर्यंत तासभर तशाच उभ्या राहिल्या. दंड भरून आले. मग नव्या टाकीचं पाणी चमच्याचमच्यानं वाडग्यात घालत राहिल्या. थोरलीचा एक खवलासुद्धा दुखावला नाही. इतक्या अलगद कुणी केलं नसतं, असं मावशींना वाटून गेलं, आणि ते वाटल्याची त्यांना पुढे फार लाज वाटली.

"मुळं?" त्यांनी जुडी हातात घेऊन विचारलं.

"उद्या समिती गेली की घाला. आता घातली तर ती लपून बसेल."

एकदा वाकलं की माणूस वाकतच जातो. मावशींनी जुडी परत नेली. मागच्या खोलीत तीन बाटल्यांमध्ये त्यांनी खाऱ्या पाण्यातल्या बारीक किड्यांची अंडी उबवायला ठेवली होती, पिल्लांच्या पहिल्या घासासाठी. त्यांत हवा नीट चालू आहे ना, एवढं बघून त्या घरी गेल्या.

समितीत चार माणसं होती. सकाळी अकराला ती दालनात आली. भिंतीवर मोठे दिवे लागले होते, टाकीत पांढरी वाळू होती, आणि थोरली एका कोपऱ्यात काचेला चिकटून भराभर श्वास घेत होती. तिचा काळा डाग थरथरताना मावशींना दारातून दिसला.

"अरे, ही पिल्लं देतेय," समितीतल्या एक बाई म्हणाल्या.

चारही फोन बाहेर आले. एक पिल्लू सुटलं, दुसरं सुटलं. कुणीतरी टाळी वाजवली. साहेबांच्या चेहऱ्यावर इतकं हसू मावशींनी कधी पाहिलं नव्हतं. सगळे म्हणत होते, केवढा योग, आपल्यासमोरच.

पूर्ण वाढलेलं पिल्लू सुटल्याबरोबर उसळी मारून वर जातं आणि आडोसा शोधतं. ही पिल्लं वर गेली नाहीत. प्रत्येकाच्या पोटाला पिवळा मणी लोंबत होता, अजून न संपलेली शिदोरी. त्या मण्याच्या वजनानं ती गोल फिरत खाली गेली आणि पांढऱ्या वाळूवर पडून राहिली. मावशींनी मोजली. अकरा.

"तुम्हीच सांभाळता ना यांना?" त्या बाईंनी वळून विचारलं. "अभिनंदन."

साहेबांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी वाळूकडे पाहिलं. सांगायची वेळ हीच होती.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच."

मासेघराला दोन वर्षांची मुदत तिथल्या तिथे मिळाली.

समितीची गाडी फाटकाबाहेर पडण्याआधी मावशींनी दिवे बंद केले, मुळं आणून टाकीत सोडली आणि काचेवर जुनी चादर टाकली. अकरांपैकी एकही हललं नाही. थोरलीच्या पोटात बीज शिल्लक असेल, महिन्याभरानं पुन्हा पिल्लं धरतील, असं त्या तीन दिवस स्वतःला सांगत राहिल्या. थोरलीनं खाण्याला तोंड लावलं नाही. चौथ्या सकाळी चादर उचलली तेव्हा ती मुळांमध्ये आडवी अडकली होती.

मेलेल्या माशांची वही साहेबांच्या टेबलावर असायची. मावशींनी ती उघडली. बावीस वर्षं त्यांच्याच अक्षरात रकाने भरले होते. तारीख, टाकी, संख्या, कारण.

साहेबांचा आवाज बसला होता. "वय झालं होतं तिचं, मावशी. वार्धक्य लिहा. ते खोटंही नाही. ही वही समितीकडे जाते."

"माहीत आहे."

"आपल्या हातून गेली असं लिहिलं, तर मुदत काढून घेतील."

"कुणासाठी ठेवायची ती मुदत, साहेब?"

मावशींनी संख्येच्या रकान्यात 'एक मादी, अकरा पिल्लं' असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात पेन थोडा वेळ थांबलं. साहेबांचं नाव लिहिता आलं असतं, आणि ते खोटं ठरलं नसतं. पण वाडगा साहेबांनी धरला नव्हता. त्यांनी लिहिलं, 'डोळे दिसत असताना हलवली. हलवणारी मी.' खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.

साहेबांनी ती ओळ वाचली. बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांनी पेन मागून घेतलं आणि त्याच ओळीखाली आपली सही केली.

मावशी मागच्या खोलीत गेल्या. तिन्ही बाटल्या केशरी झाल्या होत्या. अंड्यांतून निघालेले हजारो बारीक जीव खिडकीकडच्या बाजूला, उजेडाला येऊन दाटले होते. पिल्लांना पुरावेत म्हणून हिशेबानं लावलेले. मोरीत ओतून टाकायला त्यांनी एक बाटली उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि परत जागेवर ठेवली. मग हवेच्या नळ्या बंद न करता त्या टाक्या घासायला बसल्या.